कानपूरचा डावखुरा ऑपरेटर

ही हकीकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं की टाळण्यातही मला एक सफाई आली. अंकाचे संपादक दर दिवाळीला म्हणत, "तुमचं आयुष्य टॉकीजच्या केबिनमध्ये गेलं, काहीतरी लिहा." मग मी काहीतरी लिहून देई. एकदा बाल्कनीत साप निघाला त्याबद्दल लिहिलं, एकदा इंटरव्हलच्या समोशांबद्दल. समोशांचा लेख लोकांना फार आवडला. त्यामुळे माझी आणखी काही वर्षं सुखात गेली.

यंदा नातीने घोळ केला. ती मोबाइलवर काहीतरी वाचत होती. मला म्हणाली, "आजोबा, वो तुम्हारी नॉर्वेवाली बाई, तिच्यावर इथे पूर्ण पान आहे. लेकिन वो तो गुज़र गईं." नातीला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र ती दोन्ही भाषांत एकेक पाय ठेवून चालते. तिने मला ते पान वाचून दाखवलं. त्यातलं एक वाक्य ऐकल्यावर मी पाणी मागितलं. ते वाक्य कोणतं ते पुढे येईल. आधी धंदा समजावून सांगतो, कारण धंदा कळल्याशिवाय गुन्हा कळणार नाही.

मी झाशीच्या मानिक चौकाजवळच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. म्हणजे सिनेमा दाखवणारा. टॉकीज आता नाही, तिथे साड्यांचं दुकान आहे. आमचं घराणं खंडेराव गेटच्या आतलं, पिढ्यान् पिढ्या पूजा सांगणारं. वडिलांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की पोरगा समया सोडून मशिनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जाळत बसला. पण टॉकीजमध्ये सगळे मला 'पंडितजी'च म्हणत, त्यामुळे वडिलांचं अगदीच काही गेलं नाही.

सिनेमा त्या काळी डब्यांतून येई. एका सिनेमाची दहा-बारा रिळं असत आणि केबिनमध्ये दोन मशिनं. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. प्रेक्षकाला कधी कळत नाही, आणि ते कळू न देण्याचाच आम्हाला पगार. फिल्म वरचेवर तुटे. तुटली की ब्लेडने टोक खरवडायचं, सोल्युशन लावायचं, दुसरं टोक त्यावर ठेवून दाबायचं. याला आम्ही जोड म्हणत असू. बऱ्याच ऑपरेटरांचा जोड मशिनमधून जाताना 'टक्' असा आवाज करी. माझा करत नसे. मी डावखुरा. लहानपणी आईने रट्टे देऊन मला उजव्या हाताने जेवायला शिकवलं, पण ब्लेड मात्र डाव्याच हातात राहिलं. माझ्या जोडावरून बोट फिरवलं तरी तो कुठे आहे ते कळत नसे. या एका गोष्टीचा मला भयंकर गर्व होता. आजही आहे, लपवत नाही.

आता सिग्नेबाई. तिचं पूर्ण नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही. आमच्याकडे दर रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागे. इंग्रजी म्हणजे साहेबाच्या कुठल्याही देशाचा. सिग्नेबाई नॉर्वेची नटी, पण झाशीत तिला सगळे 'स्वीडनवाली' म्हणत, कारण त्या शोला येणाऱ्या लोकांच्या भूगोलात स्वीडन हा एकच देश होता. तिच्या विशीतल्या एका सिनेमात एक प्रसंग होता. ती समुद्रात आंघोळीला उतरते. कॅमेरा लांब, दिसते ती पाठ आणि बाकी सगळा समुद्र. आजच्या साबणाच्या जाहिरातीत याहून जास्त दिसतं. पण त्या दीड मिनिटासाठी बबिन्याच्या छावणीतून मंडळी सायकल मारत येत. आमच्या मराठी पलटणीतले एक सुभेदार भर मे महिन्यात तोंडाला मफलर गुंडाळून येत आणि पहिल्याच रांगेत बसत. मफलर ओळख लपवण्यासाठी होता. पण मे महिन्यात मफलर बांधणारा अख्ख्या झाशीत एकच माणूस असल्यामुळे त्यांना सगळे ओळखत.

तो सिनेमा आमच्याकडे इतक्या वेळा लागला की प्रिंट झिजून गेली. शेवटच्या खेपेला मी तो दीड मिनिटाचा तुकडा काढून स्वतःच्या डब्यात ठेवला. असा डबा प्रत्येक ऑपरेटरकडे असे. कुणी नाच जमवी, कुणी मारामाऱ्या. याला आम्ही चोरी म्हणत नसू. आमच्या दृष्टीने तो छंद होता.

मग बरीच वर्षं गेली. एक दिवस सेठजी, म्हणजे टॉकीजचे मालक, आनंदाने वर आले. "पंडितजी, स्वीडनवाली की नई फिलम मिल गई! और सुनो, ई बार ओई ने बनाई है!" बाईने नटीपण सोडून स्वतः सिनेमा दिग्दर्शित केला होता. सेठजींनी यावरून असा हिशेब केला की जी बाई दुसऱ्याच्या सिनेमात एवढं दाखवते, ती स्वतःच्या सिनेमात किती दाखवेल! पेंटरला सांगून बाईला समुद्रात उभं केलेलं भलं मोठं पोस्टर चौकात लागलं. वर हिंदी नाव: 'बर्फ के पार जवानी'.

पहिल्या रविवारी हाउसफुल. सिनेमा सुरू झाला. एक पंचेचाळिशीची बाई, अंगात लोकरीचा स्वेटर, एका लहान गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजात बसून लोकांचे फोन जोडून देते. ही भूमिका सिग्नेबाईनेच केली होती. दहा मिनिटं झाली, बाई फोन जोडतेय. अर्धा तास झाला, जोडतेय. मधे एकदा ती उठली तेव्हा हॉलमध्ये आशेची एक लाट आली. ती खिडकीशी गेली, बाहेर समुद्राकडे बराच वेळ बघत राहिली, आणि परत येऊन तिने अजून एक फोन जोडला. शिट्ट्या, आरडाओरडा, दोन खुर्च्यांच्या गाद्या फाडल्या. सुभेदार मफलर काढून थेट केबिनमध्ये आले.

"अहो पंडित, काय हे! तीन आठवडे पोस्टर बघतोय मी. आणि ही बया नुसती हॅलो हॅलो!"

"साहेब, सिनेमा मी नाही काढला."

"पण दाखवलात तर तुम्हीच ना?"

सिनेमा दोन रविवारांसाठी घेतलेला होता. सेठजी कपाळाला हात लावून म्हणाले, "पंडितजी, अगले इतवार लोग टॉकीज फूँक दैहें. कछू करो." आणि मग हळूच, "तुमाए डब्बा में कछू है?"

डब्यात काय आहे ते त्यांनाही ठाऊक होतं.

इथे मी सगळं सेठजींवर ढकलू शकतो. इतकी वर्षं मनातल्या मनात ढकललंही. पण खरं सांगायचं तर त्यांनी फक्त विचारलं. तुकडा कुठे घालायचा हे मी ठरवलं, आणि ठरवताना मला मजा आली. नुसता कुठेही डकवला असता तर कुणीही डकवला असता. मी दोन दिवस रिळं पुढेमागे करून पाहिली. बाई खिडकीतून समुद्राकडे बघते, तिथे मला जागा सापडली. प्रौढ बाई समुद्र बघते आणि लगेच तरुणपणची तीच बाई समुद्रात. म्हणजे तिला जुने दिवस आठवले! दोन्ही सिनेमे काळेपांढरे, चेहरा तोच. मी दोन जोड असे मारले की देवालाही दिसले नसते. दुसऱ्या रविवारी तो प्रसंग आला आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. सुभेदारांनी मफलर हवेत फिरवला. मी केबिनच्या चौकोनी भोकातून बघत होतो, आणि मला काय वाटलं ते आज लिहिताना हात थांबतो. मला वाटलं, बाईंनी सिनेमा बरा केलाय, पण त्यात जी उणीव होती ती आपण भरली.

आता चूक. बाहेरचा तुकडा घातला की रिळाच्या गुंडाळीत त्या जागी कागदाची चिठ्ठी खोचायची, म्हणजे नंतर तो काढायचा राहत नाही, ही आमच्या धंद्यातली रीत. मी चिठ्ठी खोचली नाही. सिनेमा भाड्याने देणाऱ्या कंपनीचा माणूस बघेल ही एक भीती, आणि दुसरं म्हणजे गुर्मी. रीळ उलटं गुंडाळताना फिल्मची कड दोन बोटांत धरली की जोड बोटाला लागतोच. त्या दुपारी डबे दिल्लीच्या गाडीने जायचे होते, बाराचा शो तोंडावर होता. मी घाईने रीळ गुंडाळलं. कड बोटांतून सरसर गेली आणि संपली. बोटाला काहीच लागलं नाही. मला वाटलं, तुकडा पुढच्या रिळात असेल. पुढच्यातही लागला नाही. तोवर हमाल डबे उचलून स्टेशनकडे निघाला होता. माझा जोड मलाच सापडला नाही.

दिल्लीत खास खेळ होता आणि सिग्नेबाई स्वतः पाहुण्या म्हणून हजर होत्या. हे आम्हाला पाच-सहा दिवसांनी कळलं, तेही कंपनीची तार आली तेव्हा. बाई झाशीला येत आहेत. तुकडा कुठे घातला गेला याचा शोध घेत आहेत. डब्यांवरच्या पार्सलच्या चिठ्ठ्यांवरून प्रिंट आधी कानपूरला, मग झाशीला गेल्याचं दिसतं.

सेठजींना त्याच क्षणी गरौठ्याची सासुरवाडी आठवली. वीस वर्षांत ते तिकडे गेले नव्हते. जाताना जिन्यातून ओरडून गेले, "कछू ने कइयो, पंडितजी! सब कानपुर पे डार दइयो!"

असला तुकडा घालणं हा कायद्याने गुन्हा. माझं लायसन्स गेलं असतं, टॉकीजला टाळं लागलं असतं. घरी मी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "बाई परक्या मुलखातून येतेय, उपाशी ठेवू नका," आणि डब्यात दोन थालीपीठं जास्त घातली. तिचा निकाल एवढाच.

बाई आली ती साध्या सुती झग्यात, पायात मळलेल्या चपला, खांद्याला पिशवी. पन्नाशीच्या जवळची. मी जिला शेकडो वेळा पाहिलं होतं ती हीच, यावर माझा विश्वास बसेना. तिने केबिन बघायची इच्छा दाखवली. मॅटिनी चालू होती. मी तिला स्टुलावर बसवलं. आमचं बोलणं माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत झालं, इथे मराठीत देतो.

"सिनेमा इथून दिल्लीला गेला?"

"हो, मॅडम."

"त्यात तेव्हा हा तुकडा होता?" तिने पिशवीतून फिल्मची मुठीएवढी गुंडाळी काढली. दिल्लीत तिने स्वतः तो कापून काढला होता, पण जोड तसेच राखून.

"मॅडम, असली कामं कानपूरला होतात," मी म्हणालो. "तिथे एक ऑपरेटर आहे. फार वाईट माणूस."

"नाव?"

"नाव... नाव कुणालाच माहीत नाही."

तिने गुंडाळी मांडीवर ठेवली. मी घाईघाईने जेवणाचा डबा उघडला. थालीपीठाचा तुकडा मोडून ती म्हणाली, आमच्या उत्तरेकडेही अशी भाकरी करतात, पण ती याच्यापुढे पुठ्ठा वाटेल. मग खाता खाता ती आपणहून बोलायला लागली.

वडील मासेमारी करणारे. सतराव्या वर्षी ती नाटकात गेली, विशीत सिनेमात. त्या आंघोळीच्या प्रसंगाच्या वेळी तिला सांगितलं होतं की कॅमेरा टेकडीवर आहे, तुझा नुसता ठिपका दिसेल. त्याला किती जवळचं दाखवणारं भिंग लावलंय ते कुणी सांगितलं नाही. सिनेमा लागला तेव्हा तिची आई गावात सहा महिने दुकानात गेली नाही. पुढे पंधरा वर्षं ती ज्या देशात गेली तिथे पोस्टरवर तीच पाठ. नटीला आपला कुठला तुकडा राहणार, कुठला जाणार, हे कुणी विचारत नाही. म्हणून ती शूटिंग संपल्यावर घरी न जाता कापाकापीच्या खोलीत जाऊन बसायची. तिथे बसून बसून धंदा शिकली. घर गहाण टाकून स्वतःचा सिनेमा काढला.

"टेलिफोन जोडणारी बाई म्हणजे माझी आई," ती म्हणाली. "माझ्या भावाची होडी बुडाल्याचा फोन तिनेच जोडला होता. दुसऱ्या कुणासाठी तरी आला होता, तिने तो ऐकला. त्यानंतर ती रोज तशी खिडकीशी उभी राहायची. समुद्राकडे बघत. त्या दृश्यानंतर मी मुद्दाम काहीच ठेवलं नव्हतं. ती नुसती परत येते आणि पुढचा फोन जोडते."

तिच्या सिनेमात बोलण्याचा अर्थ सांगणारी इंग्रजी अक्षरं पडद्यावर खाली येत होती. केबिनच्या भोकातून ती वाचता येत नाहीत. मी ती वाचायचा प्रयत्नही कधी केला नव्हता.

दिल्लीच्या एका वर्तमानपत्राने लिहिलं होतं की बाईंना आपल्या जुन्या सौंदर्याचा मोह आवरला नाही. ते कात्रण तिच्या देशात पोचलं. पुढच्या सिनेमाला पैसे देणारे आता म्हणत होते, छान कल्पना आहे, याही सिनेमात असंच एक दृश्य घाला.

"मला कुणाला तुरुंगात टाकायचं नाही," ती म्हणाली. "मला फक्त दोन ओळी हव्यात. हा तुकडा मी घातला, बाईंना ठाऊक नव्हतं. खाली सही. एवढं मिळालं तर मी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवीन."

मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात फिल्म तुटली.

पडदा पांढरा, खाली शिट्ट्या. अशा वेळी ऑपरेटर विचार करत नाही, हात आपोआप चालतात. टोकं ओढली, खरवडलं, सोल्युशन, दाब. चाळीस मोजायच्या आत सिनेमा पुन्हा चालू. त्या गडबडीतही एक नजर मी बाईकडे टाकली, बघतेय ना म्हणून. इतका मी मूर्ख.

ती बघत होती. शो संपल्यावर तिने ते रीळ मागितलं, जोडाची जागा शोधून काढली आणि त्यावरून बोट फिरवलं. मग आपल्या गुंडाळीच्या टोकाच्या जोडावरून फिरवलं. दोन्ही उजेडासमोर धरले. खरवडल्याच्या बारीक रेघा दोन्हींवर एकाच बाजूला कललेल्या होत्या, उजव्या हाताने खरवडलं तर त्या कधीच तशा कलत नाहीत.

"कानपूरचा तो माणूस," ती शांतपणे म्हणाली, "तोही डावखुरा आहे का?"

"हो," मी म्हणालो. "असं ऐकलंय."

ती हसली. मोठ्याने, मान मागे टाकून हसली. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो की हसली म्हणजे रागावली नसावी. मग तिने कागदावर पत्ता लिहून माझ्या हातात दिला. "तो भेटला तर त्याला सांगा, इतका सुंदर जोड मी आमच्याकडेही पाहिलेला नाही. मला दोन ओळी पाठवायला सांगा. मी वाट पाहीन."

जिना उतरताना ती एकदा थांबली. मी वरून म्हणालो, "मॅडम, चहा?" ती म्हणाली, "नको." आणि गेली.

घरी ही वाट बघत होती. "सांगितलंत?"

"नाही."

"तिने थालीपीठ खाल्लं?"

"दोन्ही."

"मग तिने आपलं केलं," ही म्हणाली आणि डबा घासायला घेऊन गेली. त्या आठवड्यात ती माझ्याशी फक्त भाजी काय आणायची एवढंच बोलली.

सेठजी गरौठ्याहून दहा दिवसांनी परतले, सासुरवाडीने केलेला पाहुणचार दोन किलोने वागवत. "का भओ?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "कानपुर पे डार दओ." त्यांनी माझी पाठ थोपटली. आयुष्यात मिळालेली कुठलीही शाबासकी मला इतकी बोचली नाही.

पत्रं मी तीनदा लिहिली. पहिलं लायसन्सच्या भीतीने पाठवलं नाही. दुसरं, सेठजी हयात होते म्हणून. तिसरं निवृत्त झाल्यावर लिहिलं. तेव्हा भीती कशाचीच उरली नव्हती, फक्त इतका उशीर का केला याचं उत्तर सुचेना. तिन्ही पत्रं आणि तिचा पत्ता त्या जुन्या डब्यात आहेत, जिथे तो तुकडा असायचा.

आता नातीने वाचलेलं ते वाक्य. बाईंच्या सिनेमांची यादी त्या पानावर आहे. पहिल्या सिनेमानंतर सात वर्षांची मोकळी जागा, मग आणखी तीन सिनेमे. आणि पहिल्या सिनेमाखाली लिहिलंय की भारतातल्या खेळांसाठी त्यांनी आपल्या तरुणपणच्या सिनेमातलं प्रसिद्ध दृश्य स्वतः त्यात घातलं होतं. कुण्या अभ्यासकाने त्याचं कौतुकही केलंय. स्त्रीने स्वतःच्या भूतकाळाकडे टाकलेला धीट कटाक्ष, असं काहीसं.

"आजोबा, सच में उन्होंने डाला था?" नातीने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "आजोबा, ये तो बहुत बुरा किया आपने." मग थोडं थांबून, "पण जोड खरंच एवढा छान होता?"

"होता," मी म्हणालो. सवय जात नाही.

तर या दोन ओळी. तिने सांगितल्या होत्या तशाच, खाली सहीसकट. समुद्राकडे बघणाऱ्या बाईच्या पुढचा तुकडा झाशीत मी माझ्या हाताने घातला. सिग्नेबाईंना त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. सही, पंडितजी, ऑपरेटर, झाशी.

तिसरी ओळ तिने मागितली नव्हती, ती माझी. चुकलो, सिग्नेबाई. कानपूरला डावखुरा ऑपरेटर कधी नव्हताच.